रक्तदाबाच्या औषधांचे दुसरे उपयोग : रायगड जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

१

मिनॉक्सिडिल हे नाव आज ज्यांना ठाऊक आहे, त्यांतील बहुतेकांना ते केस गळण्यावरील औषध म्हणून ठाऊक असते. डोक्याला लावावयाच्या द्रावाच्या रूपाने ते मोठ्या शहरांत मिळते, तसेच पेण, रोहा यांसारख्या तालुक्याच्या गावीही मिळते. मुळात मात्र हे उच्च रक्तदाबावरील औषध होय. त्याला पहिली मान्यता मिळाली ती पोटात घ्यावयाच्या गोळीच्या रूपाने, आणि तीही अशा रोग्यांपुरती की ज्यांचा रक्तदाब इतर औषधांना दाद देत नाही. मूळ उपयोग मागे पडून दुसऱ्याच उपयोगाने औषध लोकविख्यात व्हावे, असे हे उदाहरण आहे.

तथापि असे हे एकमेव उदाहरण नव्हे. मिनॉक्सिडिलचे केसांसंबंधीचे गुण अमेरिकेत तपासले जात होते, त्याच सुमारास रक्तदाबाच्या दुसऱ्या एका औषधाला आपल्या कोकणात अगदी निराळे काम सापडले. ते औषध म्हणजे प्राझोसिन, आणि ते काम म्हणजे लाल विंचवाच्या दंशाने मरणाऱ्या माणसास वाचविणे. ही घटना रायगड जिल्ह्यातील आहे. पेण व रोहा हे या जिल्ह्याच्या उत्तर व मध्य भागांतील तालुके. तेथून मुंबई-गोवा मार्गाने दक्षिणेस गेले म्हणजे महाड लागते. या महाडच्या परिसरात हा दुसरा उपयोग निश्चित झाला आणि तेथून तो विंचुदंश होणाऱ्या इतर प्रदेशांत पोहोचला.

ही दोन औषधे शेजारी ठेवून पाहिली असता इतिहासाच्या अभ्यासकापुढे एक प्रश्न उभा राहतो. औषधाचा दुसरा उपयोग कसा सापडतो, आणि सापडल्यानंतर त्याचे पुढे काय होते? प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, पहिल्या प्रश्नाचे उत्तर दोन्ही ठिकाणी जवळजवळ एकच आहे. रोग्याकडे लक्षपूर्वक पाहणारा वैद्य दोहोंच्या मुळाशी आहे. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे मात्र अतिशय भिन्न आहेत, आणि ती भिन्नता औषधाच्या गुणांवरून ठरलेली नसून पीडा कोणाची होती यावरून ठरलेली आहे.

२

या विषयास आपल्या देशात एक पूर्वपीठिका आहे, ती प्रथम पाहणे इष्ट होईल. सर्पगंधा ही वनस्पती कोकणासह देशाच्या अनेक भागांत आढळते. सर्पदंशावरील उतारा अशी तिची पूर्वापार ख्याती, आणि तिच्या नावातही ती ख्याती उतरली आहे. भ्रमिष्ट माणसास शांत करण्यासाठीही तिचे मूळ देण्याची चाल होती. १९३१ या एकाच वर्षी या जुन्या समजुतींविषयी दोन परस्परविरुद्ध दिशांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुंबईच्या हाफकिन संस्थेतील डॉ. म्हसकर व केयस यांनी सर्पदंशावर उपयुक्त मानल्या जाणाऱ्या भारतीय वनस्पतींची प्रयोगाने परीक्षा करून, त्यांपैकी कोणतीही विषावर उतारा ठरत नाही, असे दाखविले. त्याच वर्षी कलकत्त्यास गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधा ही उन्माद व उच्च रक्तदाब या दोहोंवर गुणकारी असल्याचे लिहिले. म्हणजे एका दाव्याला विज्ञानाने नकार दिला असता, दुसऱ्या दाव्यातून रक्तदाबावरील पहिल्या प्रभावी औषधांपैकी एक हाती आले.

या दुसऱ्या दाव्याला आधुनिक चिकित्साशास्त्राच्या रीतीने प्रस्थापित करण्याचे श्रेय मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांना जाते. उच्च रक्तदाबाच्या ५० रोग्यांवरील त्यांचे निरीक्षण १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील सिबा कंपनीच्या संशोधकांनी १९५२ साली सर्पगंधेच्या मुळातून रेझर्पिन हे क्रियाशील द्रव्य वेगळे केले, आणि काही वर्षांतच ते जगभर रक्तदाबासाठी व मनोविकारांसाठी वापरात आले. डॉ. वकील यांना १९५७ साली अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले. पुढे रेझर्पिन घेणाऱ्या काही रोग्यांच्या ठायी खिन्नता उत्पन्न होते, असे दिसून आले. हा दुष्परिणाम होता खरा. परंतु मेंदूतील रासायनिक द्रव्यांचा मनःस्थितीशी काय संबंध असावा, याविषयीच्या पुढील विचारास त्याच निरीक्षणाने चालना दिली.

सर्पगंधेच्या या कथेतून दोन गोष्टी ध्यानात घ्यावयाच्या आहेत. पहिली अशी की, एका द्रव्याचा एकच धर्म असतो हे गृहीत चुकीचे आहे. ‘मुख्य परिणाम’ आणि ‘दुष्परिणाम’ असा भेद द्रव्याच्या अंगी नसतो. देणाऱ्याच्या हेतूवरून तो आपण करतो. दुसरी अशी की, भारतीय वैद्यांचे निरीक्षण आणि परदेशी कंपनीची प्रयोगशाळा यांची येथे गाठ पडली, म्हणूनच हे औषध इतक्या त्वरेने जगापुढे आले. केवळ निरीक्षण १९३१ सालीच उपलब्ध होते.

३

आता मिनॉक्सिडिलकडे वळू. अमेरिकेतील मिशिगन राज्यातील कॅलामाझू येथील अपजॉन ही कंपनी १९५० नंतरच्या दशकात जठरव्रणावरील औषधाच्या शोधात होती. त्यासाठी तयार केलेले एक द्रव्य कुत्र्यांवर तपासले असता व्रण बरा होईना, परंतु रक्तवाहिन्या मात्र शिथिल होऊन रक्तदाब उतरू लागला. म्हणजे या औषधाच्या वंशात रक्तदाब हाच मुळी दुसरा उपयोग होता. कंपनीने त्या द्रव्याची दोनशेहून अधिक रूपांतरे केली. १९६३ साली सिद्ध झालेल्या त्यांपैकी एकास मिनॉक्सिडिल हे नाव मिळाले.

या औषधाची क्रिया थोडक्यात अशी आहे. शरीरात गेल्यावर यकृतादी अवयवांतील एका विकराच्या योगाने त्याचे मिनॉक्सिडिल सल्फेटमध्ये रूपांतर होते. ते रक्तवाहिन्यांच्या भित्तीतील स्नायुपेशींमधून पोटॅशियम बाहेर जाण्याचे विशिष्ट मार्ग खुले करते. त्यामुळे स्नायू सैल पडतात, वाहिन्या रुंदावतात आणि दाब उतरतो. हा परिणाम इतका तीव्र असतो की, हृदय वेगाने धडधडू लागते व शरीरात पाणी साचते. म्हणून हृदयाचा वेग आवरणारे एक आणि मूत्र वाढविणारे एक, अशा दोन औषधांच्या जोडीनेच ते द्यावे लागते. हृदयाभोवतीच्या आवरणात पाणी जमण्याचा धोकाही त्यात आहे. असे औषध सौम्य रक्तदाबाला कोणी देणार नाही, आणि देतही नाहीत.

१९७१ च्या सुमारास कोलोरॅडो विद्यापीठात डॉ. चार्ल्स चिड्सी यांच्या देखरेखीखाली हे औषध रोग्यांना देण्यात येऊ लागले. तेव्हा रोग्यांच्या कपाळावर, गालांवर, हातांवर केस वाढू लागल्याचे आढळले. पुढील अनुभवावरून असे दिसते की, हे औषध पोटात घेणाऱ्यांपैकी सुमारे शेकडा ८० जणांत अंगावरील बारीक लव दाट व काळी होते. रक्तदाबावर लक्ष असणाऱ्या वैद्यास ही केवळ अडचण वाटावी, हे स्वाभाविक होते. विशेषतः स्त्री-रोग्यांना तर ती असह्यच होती. परंतु त्याच विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. गुंटर काह्न आणि त्यांचे तरुण सहकारी डॉ. पॉल ग्रँट यांना त्यात निराळाच अर्थ दिसला. औषध पोटात न देता त्वचेवर लावले तर केस तेथेच वाढतील काय, हे त्यांनी प्रथम स्वतःच्याच त्वचेवर करून पाहिले, आणि केस उगवले.

येथून पुढचा इतिहास प्रयोगशाळेत जितका घडला तितकाच वकिलांच्या कचेऱ्यांत घडला. केसांच्या वाढीसाठी हे द्रव्य वापरण्याच्या पद्धतीचे पेटंट अपजॉनने मागितले, आणि शोधकर्ता कोण याविषयी वाद सुरू झाला. दीर्घ काळानंतर १९८६ च्या पेटंटावर चिड्सी यांच्याबरोबर काह्न यांचे नाव सहसंशोधक म्हणून आले. दरम्यान १९७९ साली मिनॉक्सिडिलच्या गोळीस तीव्र रक्तदाबासाठी अमेरिकी शासनाची मान्यता मिळाली. १९८० साली डॉ. झापाकोस्टा यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये, रक्तदाबासाठी ही गोळी घेणाऱ्या एका रोग्याच्या टकलावर केस परत आल्याचे कळविले. मग कंपनीने पद्धतशीर चाचण्या करून १९८८ साली पुरुषांच्या टकलासाठी शेकडा २ तीव्रतेच्या द्रावास मान्यता मिळविली. त्याचे योजिलेले नाव ‘रिगेन’, म्हणजे ‘पुन्हा मिळवा’, असे होते; त्यातून अवास्तव आश्वासन ध्वनित होते म्हणून अमेरिकेत ते नाकारले गेले व ‘रोगेन’ हे नाव घ्यावे लागले. १९९१ साली स्त्रियांसाठीही मान्यता मिळाली. १९९६ साली ते वैद्याच्या चिठ्ठीवाचून मिळू लागले आणि त्याच वर्षी इतर कंपन्यांचे द्रावही बाजारात आले.

केसांच्या मुळाशी हे द्रव्य नेमके काय करते, हे अद्याप पूर्णपणे उलगडलेले नाही. केसाच्या वाढीचा काळ ते लांबविते व सूक्ष्म झालेले केशकूप पुन्हा मोठे करते, इतके निश्चित आहे. आणि औषध थांबविले म्हणजे काही महिन्यांत मिळविलेले केस गळून जातात, हेही तितकेच निश्चित आहे. म्हणजे हे औषध बरे करीत नाही, राखून ठेवते. बाजाराच्या दृष्टीने ही उणीव नव्हे; ज्याला ते घेणे थांबविता येत नाही असा ग्राहक तिच्यामुळेच निर्माण होतो. अलीकडच्या वर्षांत तर काही त्वचारोगतज्ज्ञ हेच औषध अगदी अल्प प्रमाणात पुन्हा पोटातून, परंतु केसांसाठीच, देऊ लागले आहेत. रक्तदाबाची गोळी अशा रीतीने एक फेरा पूर्ण करून रोग्याच्या हाती परत आली आहे. हेतू तेवढा बदलला आहे.

४

याच काळात रायगड जिल्ह्यात काय घडत होते? १ जानेवारी १९८१ पर्यंत या जिल्ह्याचे नाव कुलाबा असे होते. भातशेती, जांभ्या दगडाची घरे, गवताच्या गंजी, लाकूडफाटा आणि शेणी यांच्या आधाराने चालणारा संसार, असे येथील ग्रामजीवन. पेण, रोहा, सुधागड या तालुक्यांत कातकरी वस्तीही मोठी. पायांत वहाण नसलेल्या, गवत कापणाऱ्या, जमिनीवर निजणाऱ्या माणसाची लाल विंचवाशी गाठ पडणे येथे नित्याचे. त्यातही मुलांना हा दंश अधिक घातक.

विंचू चावला म्हणजे वेदना होते, आणि ती मंत्राने किंवा पाल्याने उतरते, अशी जुनी समजूत. बहुतेक दंशांत वेदना काही तासांनी आपोआपच कमी होत असल्यामुळे ही समजूत टिकून राहिली. परंतु लाल विंचवाच्या दंशात कित्येकदा एक विलक्षण प्रकार दिसतो. वेदना फारशी नसते. उलट रोग्यास ओकाऱ्या होतात, घामाच्या धारा लागतात, हातपाय थंडगार पडतात, आणि काही तासांत फुप्फुसांत पाणी भरून तो गुदमरतो. विंचुदंशानंतर फुप्फुसांत पाणी भरण्याविषयी मुंडले यांचे टिपण १९६१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले होते. पश्चिम भारतातील गंभीर रोग्यांत १९६१ ते १९८३ या काळात शेकडा २५ ते ३० मृत्यू होत, असे नमूद आहे.

१९७६ साली डॉ. हिम्मतराव बावस्कर महाड तालुक्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. मराठवाड्यातून आलेल्या या तरुण वैद्याने दंश झालेल्या रोग्याच्या उशाशी तासन् तास बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांची ऊब यांच्या नोंदी ठेवल्या. कोणती प्रारंभिक लक्षणे दिसली असता पुढे हृदयावर संकट येणार हे ओळखावे, हे सांगणारा त्यांचा लेख १९८२ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आरोग्य केंद्रातील साध्या साधनांनी हे काम उभे राहिले, हे विशेषत्वाने नोंदविले पाहिजे.

या नोंदींतून रोगाचे स्वरूप उमगले. विंचवाचे विष मज्जातंतूंना अनावर उत्तेजन देते. त्यामुळे शरीरातच असलेली उत्तेजक द्रव्ये एकदम मोठ्या प्रमाणात रक्तात उतरतात. ती रक्तवाहिन्यांवरील विशिष्ट ग्राहींना चिकटून वाहिन्या आवळतात. रक्तदाब चढतो, आवळलेल्या वाहिन्यांत रक्त लोटता लोटता हृदय थकते, आणि रक्तातील पाणी फुप्फुसांत उतरते. याचा अर्थ असा की, रोगी विषाने मरतो हे खरे असले तरी त्याला प्रत्यक्ष मारणारे साधन त्याचेच आवळलेले रक्ताभिसरण असते. मग वाहिन्या सैल करणारे औषध दिले तर?

प्रथम सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध वापरून पाहण्यात आले. ते गुणकारी ठरले, परंतु शिरेतून थेंब थेंब सोडावे लागणारे व सतत देखरेख मागणारे हे औषध खेड्यातील आरोग्य केंद्रास पेलणारे नव्हते. प्राझोसिन मात्र तोंडाने देता येते. फायझर कंपनीचे हे औषध १९७० नंतरच्या दशकात रक्तदाबासाठी वापरात आले होते. आणि ज्या ग्राहींवर विंचवाच्या विषाने सुटलेली द्रव्ये चिकटतात, नेमके तेच ग्राही ते अडविते. हिम्मतराव व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी प्राझोसिनचा हा उपयोग १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. प्राझोसिन प्रचारात आल्यानंतर गंभीर रोग्यांतील मृत्यूंचे प्रमाण प्रथम शेकडा ४ हून कमी व पुढे शेकडा १ हून कमी झाले, असे त्यांनी आपल्या नंतरच्या लेखनात नमूद केले आहे. २०२२ साली डॉ. बावस्कर यांना पद्मश्री मिळाली.

येथे मिनॉक्सिडिलशी असलेला एक तार्किक भेद स्पष्ट केला पाहिजे. मिनॉक्सिडिलच्या बाबतीत नको असलेला परिणाम हवासा ठरला. प्राझोसिनच्या बाबतीत परिणाम तोच राहिला, वाहिन्या सैल करणे. केवळ ज्या रोगात तो हवा, तो रोग नव्याने ओळखला गेला. सर्पगंधेच्या बाबतीत परंपरेने सांगितलेल्या अनेक गुणांपैकी एक परीक्षेस उतरला. दुसऱ्या उपयोगाचे हे तीन प्रकार वेगळे आहेत आणि त्यांना ‘योगायोग’ या एकाच नावाखाली लोटणे युक्त नाही. केस वाढणे हा योगायोग म्हणता येईल. प्राझोसिनची निवड ही अनुमानाची परिणती होती.

५

आता या दोन उपयोगांच्या पुढील वाटचालीची तुलना करू. केसांसंबंधीचे निरीक्षण १९७१ चे, मान्यता १९८८ ची. मधल्या १७ वर्षांत एका मोठ्या कंपनीचा पैसा, अनेक केंद्रांतील चाचण्या, पेटंट, विधिज्ञ व जाहिरात ही सर्व यंत्रणा त्यामागे उभी होती. विंचुदंशावरील उपयोग १९८६ साली प्रसिद्ध झाला. महाड येथील डॉ. बावस्कर यांच्या स्वतःच्या रुग्णालयात ७० रोग्यांवर केलेली यादृच्छिक चाचणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली ती २०११ साली, म्हणजे २५ वर्षांनी. त्या चाचणीत केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ रोग्यांपैकी ८ जण १० तासांत पूर्ण बरे झाले. प्राझोसिनच्या जोडीला हाफकिन येथे तयार झालेले विंचवाचे प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ जण तेवढ्याच वेळात बरे झाले. आपल्याच उपचाराची अपुरी बाजू उघड करणारी ही चाचणी आहे, आणि त्यातच तिचे मोल आहे. अमेरिकेतील परवानापत्रावर मात्र प्राझोसिनचा उपयोग म्हणून आजही केवळ उच्च रक्तदाबाचाच उल्लेख आढळतो.

या अंतराचे एक कारण कायद्यात शोधता येते. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाच्या आधारे झालेला पेटंट कायदा, १९७० हा २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. औषधाच्या द्रव्यावर पेटंट न देता केवळ ते तयार करण्याच्या कृतीवर अल्प मुदतीचे पेटंट द्यावे, हे त्याचे सूत्र. त्यामुळे परदेशात शोधलेली औषधे निराळ्या कृतीने येथे स्वस्तात होऊ लागली. रोह्याजवळ कुंडलिकेच्या काठी धाटाव येथे वसलेली औद्योगिक वसाहत या धोरणाच्या काळातच वाढली. १९४४ साली मुंबईत स्थापन झालेल्या आणि हृदयरोग व रक्तदाब यांवरील औषधांसाठी दीर्घकाळ ओळखल्या गेलेल्या युनिकेम लॅबोरेटरीजचा औषधी मूलद्रव्यांचा कारखानाही तेथे आहे. द्रव्यावरील पेटंट २००५ पासून पुन्हा सुरू झाले. परंतु त्याच कायद्याच्या कलम ३ च्या ‘ड’ पोटकलमाने ज्ञात द्रव्याच्या केवळ नव्या उपयोगाच्या शोधास पेटंट नाकारले आहे, आणि हा नकार १९७० च्या मूळ पाठापासून चालत आला आहे.

याचा अर्थ अभ्यासकाने दोन्ही बाजूंनी लावला पाहिजे. मिनॉक्सिडिल केसांसाठी वापरण्याचे जे पेटंट अमेरिकेत मिळाले, तसे केवळ उपयोगाचे पेटंट भारतीय कायद्याखाली मिळू शकत नाही. या नकारामुळेच विंचुदंशासाठी प्राझोसिन देणाऱ्या खेड्यातील वैद्यास कोणालाही स्वामित्वशुल्क द्यावे लागत नाही, आणि रोहा-पेणच्या शेतमजुराला ते परवडते. परंतु ज्या उपयोगावर कोणाचेही स्वामित्व नाही, त्याची चाचणी करण्यात कोणाचा लाभही नाही. त्यातून विंचवाचा दंश सोसणारा माणूस बाजारात ग्राहक म्हणून दिसतच नाही. त्याचे औषध काही दिवसांत संपते. टक्कल पडणाऱ्याचे कधीच संपत नाही. २५ वर्षांच्या विलंबाचे गमक येथे आहे. कायदा वाईट होता असा निष्कर्ष यातून निघत नाही. कायद्याने मोकळे ठेवलेले काम करावयास सार्वजनिक संस्था पुरेशा वेगाने पुढे आल्या नाहीत, इतका निघतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९४५ च्या औषधविषयक नियमांच्या ‘जे’ अनुसूचीत ज्या विकारांपासून मुक्ती देण्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये असे सांगितले आहे, त्या यादीत उच्च रक्तदाब आहे आणि टक्कलही आहे. दोन्ही विकारांत बरे करण्याचे आश्वासन फसवे ठरण्याचा संभव मोठा, हे त्या यादीने गृहीत धरले आहे. मिनॉक्सिडिल हे दोहोंशीही संबंध असलेले औषध. आणि ते दोहोंपैकी एकही मुळापासून बरे करीत नाही.

६

केसांच्या प्रश्नाला गौण व विंचवाच्या प्रश्नाला गंभीर मानून हा निबंध संपविणे सोपे होते. परंतु अलीकडील एका घटनेने तो सोपा मार्ग बंद केला आहे. डिसेंबर २०२४ अखेर व जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत लोकांचे केस अवघ्या काही दिवसांत मुठीमुठीने गळू लागले. स्त्रिया, मुले, पुरुष कोणीही सुटले नाही. प्रथम पाण्याचा संशय घेण्यात आला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथकही येऊन गेले. पुढे काहींची नखेही गळाली. या प्रकरणी स्वतः जाऊन शोध घेणाऱ्यांत डॉ. हिम्मतराव बावस्कर होते. रोग्यांच्या रक्त, मूत्र व केस यांत सेलेनियमचे प्रमाण वाढलेले असल्याचे दाखवून त्यांनी रेशनवर मिळालेल्या गव्हाकडे बोट दाखविले.

या गावांतील केस गळण्याला मिनॉक्सिडिलने काय केले असते? कारण अन्नात असेल तर प्रथम अन्न बदलावयाचे, डोक्याला लावावयाचे नव्हे. ‘केस गळणे’ या एकाच शब्दप्रयोगाखाली वंशपरंपरेने हळूहळू पडणारे टक्कल आणि अन्नातील अतिरिक्त धातुसदृश द्रव्याने झालेली बाधा हे दोन सर्वथा भिन्न विकार येतात. पहिल्यासाठी जगभर पसरलेली बाजारपेठ आहे. दुसरा ज्यांना झाला त्यांच्यापुढे लाजेचा, लग्नसंबंधांचा आणि गावाच्या नावाचा प्रश्न उभा राहिला, आणि त्याचे कारण शोधण्यासाठी पुन्हा रोग्यांच्या दारी जाणाराच लागला. लाल विंचवाच्या बाबतीत जी पद्धत यशस्वी झाली, तीच येथे वापरली गेली: रोग्याला प्रत्यक्ष पाहणे, त्याच्या घरातील वस्तू तपासणे, आणि त्यावरून अनुमान बांधणे.

७

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा. कोलोरॅडोत लव वाढलेली पाहणारे वैद्य आणि बिरवाडीत थंड पडलेले हातपाय चाचपणारा वैद्य यांच्या दृष्टीत गुणात्मक भेद नाही. भेद आहे तो त्यांच्या निरीक्षणाला पुढे नेणाऱ्या व्यवस्थेत. एकीकडे ती व्यवस्था कंपनीने, तिच्या लाभाच्या हिशेबाने पुरविली. दुसरीकडे ती जवळजवळ एका दांपत्याच्या चिकाटीवर व परदेशी नियतकालिकांच्या संपादकीय पानांवर अवलंबून राहिली. औषधांचा इतिहास कंपन्यांच्या दप्तरांतून लिहिला तर मिनॉक्सिडिलचा इतिहास ठसठशीत दिसेल आणि प्राझोसिनचा हा अध्याय तळटीपेत जाईल. प्रत्यक्षात वाचलेल्या जिवांचे माप लावले तर क्रम उलटा येईल.

या दृष्टीने रायगड जिल्ह्यात बरेच काम करण्याजोगे आहे. पेण, रोहा, नागोठणे, माणगाव, महाड या पट्ट्यातील ग्रामीण रुग्णालये व प्राथमिक आरोग्य केंद्रे यांच्या जुन्या नोंदवह्यांत विंचुदंशाच्या रोग्यांची नावे, दंशाची वेळ, दिलेले औषध व परिणाम या नोंदी जेथे शिल्लक असतील तेथे त्या जीर्ण होण्यापूर्वी पाहिल्या पाहिजेत. १९८६ नंतर प्राझोसिन महाडहून उत्तरेस पेण-रोह्यापर्यंत किती वर्षांत पोहोचले, कोणत्या केंद्रात मांत्रिकाकडून येणाऱ्या रोग्यास उशीर होत असे, कातकरी वाड्यांवरून रोगी केव्हा येऊ लागले, हे प्रश्न या नोंदींतूनच सुटतील. त्यांच्या जोडीला त्या काळी तेथे काम केलेल्या परिचारिका व औषधनिर्माते यांच्या मौखिक आठवणी घेतल्या तर एका औषधाचा दुसरा उपयोग खेड्यापाड्यांत कसा रुजला, याचे मराठीतील पहिले साधार चित्र उभे राहू शकेल. हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले आहे, आणि त्यासाठी लागणारी साधने परदेशी ग्रंथालयांत नसून याच जिल्ह्यात आहेत.